ह्यूगोच्या साइटवर मर्मेडची आकृती येईना, नुसता कोड दिसतोय

नदीकाठचा (सांगली)
आमच्या मंडळासाठी छोटी साइट केलीय, ह्यूगोवर (मजकुराच्या फाइलींतून साइट तयार करणारं टूल), गिटहब पेजेसवर (गिटहबवरच्या फाइलींतून साइट दाखवायची सोय) फुकटात टाकलीय. पावसाळा लागला की सगळ्यांचं एकच, कोयनेतून किती सोडलंय आणि सांगलीच्या आयर्विन पुलाला किती फूट, म्हणून एका पानावर कुठलं पाणी कुठं मिळतं ते बाण काढून दाखवायचंय. मागच्या वर्षी पेंटमध्ये काढून पीएनजी चिकटवला होता, पण कुणी चूक दाखवली की परत सगळं पुसून काढा, वैताग आला राव. मग कुणीतरी मर्मेड सांगितलं, मजकूर लिहिला की त्याची बाणांची आकृती काढून देतं, असं लिहिलं (चौकटींचे आयडी इंग्रजीत आहेत, इथं वाचायला बरं म्हणून मराठीत टाकतोय):

धोम --> माहुली
कण्हेर --> माहुली
माहुली --> कराड
कोयना --> कराड
कराड --> आयर्विन
वारणा --> आयर्विन

गिटहबवर फाइल उघडली की झकास चित्र दिसतंय. साइटवर मात्र हाच मजकूर जसाच्या तसा. काय चुकतंय?

माहुलीकर (सातारा)
तुझं काही चुकलं नाही. गिटहब २०२२ पासून मर्मेडचे ब्लॉक स्वतःच काढून दाखवतं, ती त्यांची सोय आहे. ह्यूगोला मर्मेड म्हणजे काय हे माहितीच नाही, तो त्याला साधा कोड समजतो. लेआउट्समध्ये रेंडर हुकची फाइल (कोडचा ब्लॉक पानावर कसा दाखवायचा ते ह्यूगोला सांगणारी) टाकायची, रेंडर-कोडब्लॉक-मर्मेड नावाची, तिच्यात मजकूर मर्मेड क्लासच्या प्री टॅगमध्ये द्यायचा, आणि मर्मेडची स्क्रिप्ट ज्या पानावर आकृती आहे तिथंच लोड करायची, सगळ्या पानांवर नको. चित्र मग वाचणाऱ्याच्या ब्राउझरमध्ये तयार होतं.
आणि माहुलीवरून डायरेक्ट कराड? मधे उरमोडी मिळते, उंब्रजला तारळी मिळते. सातारकरांचं पाणी गाळलंस की.

नदीकाठचा
आलं आलं! उरमोडीपण टाकली. पण नवीन लफडं, साइटला वेबफॉन्ट लावलाय आणि चौकटीत शेवटचं अक्षर कापलं जातंय, कण्हेरचं ‘कण्हे’ झालंय. रिफ्रेश केलं की कधी कधी बरोबर येतं.

माहुलीकर
मर्मेड आधी मजकुराची रुंदी मोजतं मग चौकट काढतं. तुझा फॉन्ट उशिरा येतो, तोवर मोजमाप दुसऱ्याच फॉन्टवर झालेलं असतं. रिफ्रेशला फॉन्ट कॅशमधून येतो म्हणून बरोबर दिसतं. स्टार्ट-ऑन-लोड (पान उघडताच आकृती काढायची सेटिंग) बंद कर आणि फॉन्ट आल्यावरच रन (आकृती काढायचा आदेश) बोलव. बाकी मराठी लेबल डबल कोटात ठेव, आयडी इंग्रजीत आहेत ते तसेच राहू दे.

हरिपूररोड
मधेच बोलतो, माफ करा. पहिलं म्हणजे वारणा आयर्विनच्या वर दाखवलीय ते चूक आहे, ती पुलाच्या खालच्या अंगाला हरिपूरला मिळते. फरक पडतो भाऊ, वारणा फुगली की कृष्णेचं पाणी पुढं सरकत नाही, मागं तुंबतं आणि आयर्विनची पातळी चढते. बाण पुलात घुसवला तर लोकांना हे कळणारच नाही.
दुसरं, ही आकृती लोक बघणार कधी? ४० फुटांचा इशारा आला की, ४५ ची धोका पातळी जवळ आली की. २०१९ ला ५७ फुटांवर गेलं तेव्हा आमच्याकडं लाइट नाही, रेंज एक काडी. अशा वेळी सात-आठ चौकटींसाठी काही एमबीची स्क्रिप्ट फोनवर उतरवायची? आकृती आधीच काढून एसव्हीजी (रेषा-अक्षरांची हलकी चित्रफाइल) ठेव, काही केबीत काम होतं.

नदीकाठचा
हे डोक्यातच आलं नव्हतं. पण मग मजकुराचा फायदा काय, परत चित्रच झालं की?

हरिपूररोड
नाही रे, मजकूरच खरी फाइल, एसव्हीजी नुसती त्यातून निघते. मर्मेडचं कमांडलाइन टूल आहे, ते मागच्या बाजूला क्रोमियम ब्राउझर उघडून चित्र काढतं. मी ग्राफव्हिझ वापरतो, मजकुरातून आकृती काढणारं दुसरं टूल, जुनं पण हलकं, ब्राउझर वगैरे काही लागत नाही. एकच सांगतो, बिल्ड सर्व्हरवर (साइट जिथं तयार होते त्या मशीनवर) काढणार असशील तर तिथं देवनागरी फॉन्ट आधी टाक. मी टाकला नव्हता, पीएनजीत नावाच्या जागी नुसते चौकोन, एसव्हीजीत अक्षरं आली पण चौकटीबाहेर लोंबत होती, अर्धा रविवार गेला. तुझं काम एवढंसं आहे, लॅपटॉपवर काढ आणि एसव्हीजी रेपोत (गिटहबवर साइटच्या फाइली आहेत तिथं) टाकून दे.

नदीकाठचा
केलं. शेवटची ओळ काढून कराड, आयर्विन, हरिपूर अशी साखळी केली आणि वारणेचा बाण हरिपूरला नेला, दोन मिनिटं लागली. एसव्हीजी ११ केबी. पुढं नरसोबावाडीला पंचगंगापण जोडली, फुकटात.

माहुलीकर
तारळी?