भाचीच्या अमेरिकन सासूला आमच्या पाच पिढ्यांची नावं हवीत. द्यावीत का?

पूर्णाकाठ:
नमस्कार मंडळी. मी चांदूरबाजार तालुक्यातली, घरी संत्र्याची बाग नि थोडी कपाशी. माझी भाची अमेरिकेत युटा राज्यात असते, लग्न तिकडच्याच मुलाशी केलंय. सासरचे मॉर्मन या ख्रिस्ती पंथाचे. परवा तिच्या सासूबाईंचा मेल आला. सोबत त्यांच्या घरच्या जुन्या बायबलमधल्या एका पानाचा फोटो. तीन रकाने: जन्म, लग्न, मृत्यू. शाई दर दोन-चार ओळींनी वेगळी. एका बाळाचं नाव पहिल्या रकान्यात, तेच लगेच तिसऱ्यात. त्यांना आमच्याही पाच पिढ्यांची नावं हवी आहेत.

मी वही घेऊन बसलेसुद्धा, पण मामंजी आडवे आले. "ते लोक मेलेल्यांनाही बाटवतात म्हणे. आपल्या बुढ्यांची नावं द्यायची नाहीत." खरं काय?

दुसरं असं, की भाचीच्या सासूबाईंच्या घराण्यातली निम्मी माणसं १८४७ नंतर गाड्या जोडून पश्चिमेला गेली, निम्मी इलिनॉय राज्यातच राहिली नि पुढे पत्रंही थांबली. धर्मापायी सख्ख्यांनी बोलणं टाकलं असेल का? माझं माहेर महानुभाव. आजोबांनी उपदेश घेतला, त्यांच्या भावाने नाही घेतला. चुलत घरी महालक्ष्म्या बसल्या की आमच्याकडचं कोणी त्या पंगतीला जात नसे. पण मोठी काकू नैवेद्य दाखवायच्या आधीच आमचा डबा भरून बाजूला ठेवायची. डबा घ्यायला मीच जायची, म्हणून मला हे लागून राहिलंय.

टपालवाला_अचलपूर:
ताई, धर्माकडे नंतर जाऊ, आधी टपालाचा दर पाहा. १८४५ च्या कायद्याने अर्ध्या औंसाच्या पत्राला ३०० मैलांपर्यंत ५ सेंट, त्यापुढे १०. तेही बरेचदा पत्र घेणाऱ्याच्या गळ्यात. १८५१ ला आगाऊ पैसे भरले तर ३००० मैलांपर्यंत ३ सेंट झाले. कागद वाचवायला लोक पान लिहून झालं की आडवं फिरवून त्याच ओळींवरून पुन्हा लिहीत. वाचणाऱ्याचे डोळे जायचे! रेल्वे आरपार जोडली गेली १८६९ ला. तोवर पत्र आलं नाही म्हणजे माणूस रुसलाच, असं धरू नका.

वर्धेकर:
मी काही वर्षं सॉल्ट लेक सिटीत होतो, शेजारपाजार सगळा याच पंथाचा. तुमचे मामंजी उगाच बोलत नाहीत. मृतांसाठी बाप्तिस्मा हा त्यांचा विधी खराच आहे. जिवंत माणूस मृताच्या नावाने पाण्यात बुडी घेतो. संस्थापक जोसेफ स्मिथने हे १८४० मध्ये इलिनॉयच्या नॉवू गावात सांगितलं, नि सुरुवातीला विधी सरळ मिसिसिपी नदीत होत. मृताचा आत्मा ते स्वीकारेल किंवा नाकारेल, अशी त्यांची धारणा. त्यांच्या लेखी ते पिंडदानासारखं कर्तव्य. यातले कितीतरी इंग्लंडहून आलेले, आईबाप मागेच पंथाबाहेर वारलेले. त्यांच्याशी पुढेही नातं राहावं तर नाव पाहिजे. म्हणून वंशावळीचा एवढा ध्यास. १८९४ मध्ये त्यासाठी संस्थाच काढली.

आता भावाभावांचं. संस्थापकाचंच घर फुटलं, तिथे बाकीच्यांचं काय! २७ जून १८४४ ला जमावाने कार्थेजच्या तुरुंगात घुसून जोसेफ आणि त्याचा भाऊ हायरम दोघांना मारलं. १८४६ ला लोकांनी नॉवू सोडायला सुरुवात केली, नि पुढच्या वर्षी जुलैत नवा पुढारी ब्रिगम यंग याचा जथा सॉल्ट लेकच्या खोऱ्यात पोचला. (खोरं काही बेवारस नव्हतं, यूट आणि शोशोनी लोकांचा मुलूख तो.) जोसेफची बायको एमा गेलीच नाही. तिची जाऊ मेरी मात्र १८४८ मध्ये पोरंबाळं घेऊन गाड्यांनी युटाला गेली. सासू लूसीही नॉवूतच राहिली. पुढे १८६० मध्ये एमाचा मुलगा तिकडे राहिलेल्यांच्या वेगळ्या चर्चचा प्रमुख झाला, नि १९०१ मध्ये मेरीचा मुलगा युटाच्या चर्चचा. सख्खे चुलतभाऊ, दोन गाद्या! वाद वारसाचा होता नि बहुपत्नीत्वाचाही.

नियम असा, की माणसाने आपल्याच पूर्वजांची नावं विधीला द्यावीत, आणि जन्माला ११० वर्षं झाली नसतील तर जवळच्या जिवंत नातेवाइकाला विचारावं. सगळे पाळतातच असं नाही. छळछावण्यांत मारल्या गेलेल्या ज्यूंची नावं घेतली म्हणून मोठा वाद झाला, १९९५ मध्ये समझोता करावा लागला. तेव्हा मेलमध्ये स्पष्ट लिहा: नावं कुटुंबाच्या माहितीसाठी, विधीसाठी नाहीत. भाचीला आधी वाचायला द्या, संसार तिला करायचाय.

बुढा_वऱ्हाडी:
ताई, माह्या बापाचं नाव कोन्त्याई नदीत घेतलं तरी तो बुढा सकायी उठून हरिपाठच म्हनन. देऊन टाका. पन मले एक सांगा, त्या पानावर बायांची नावं हायेत का? आमच्या भाटाच्या पोथीत पोरींचं नावच नाई, निस्ते बाप नि लेक.

टपालवाला_अचलपूर:
असतात भाऊ, नि उपयोगीही पडली. अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धातल्या सैनिकांच्या विधवांना पेन्शनसाठी लग्नाचा पुरावा लागे. सरकारी नोंद नसली की बऱ्याच जणींनी बायबलचं ते पानच फाडून अर्जाला जोडलं. ती पानं त्यांच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत.

पूर्णाकाठ:
सगळ्यांची आभारी आहे. वर्धेकर दादांचं मामंजींना वाचून दाखवलं. दोन जावांपाशी थांबवून पुन्हा वाचायला लावलं, मग म्हणाले, "लिही, पण विधीला नाही हे पहिल्या ओळीत." तसंच लिहिलंय. भाचीने वाचून सासूबाईंना दिलं, नि त्या कबूल आहेत.

अडलंय भलतीकडेच. पुरुषांची नावं सात-बाराच्या जुन्या उताऱ्यांवरून निघाली. मामंजींच्या आजीचं नाव मात्र घरात कोणालाच ठाऊक नाही. सगळे तिला शिरजगाववाली म्हणत, माहेर तिथलं म्हणून. शाळेत गेलेली नाही, जमीन तिच्या नावावर नाही. जन्म-मृत्यूची गावची जुनी नोंद, कोतवाल बुक म्हणतात ती, तहसीलमध्ये मिळते असं ऐकलंय. त्यात मयत बाईचं स्वतःचं नाव लिहीत की नुसतं नवऱ्याचं? कोणी नक्कल काढली असेल तर सांगा, सोमवारी मी तशीही बाजाराला जाणार आहे.