हास्यक्लबमधल्या खोट्या हसण्याचा खरंच उपयोग होतो का?

मृण्मयी_पुणे: आई गेल्यावर बाबा सहा महिने घराबाहेर पडत नव्हते, पेपरसुद्धा घडी न मोडता पडून असायचा. शेजारचे काका हाताला धरून बागेतल्या हास्यक्लबला घेऊन गेले आणि आता बाबा गजर न लावता साडेपाचला उठतात. एकदा मीपण गेले, वीसेक जण गोल करून उभे, टाळ्या वाजवत 'हो हो हा हा हा', मग दीर्घ श्वास, मग जीभ बाहेर काढून सिंहहास्य. आधी मला फार ओशाळल्यासारखं झालं पण समोरच्या आजींकडे बघून खरंच हसू फुटलं. माझं मत, ओढूनताणून हसलं तरी फायदा होतोच.

रानवारा: नाही पटलं ताई. माझ्या डिप्रेशनच्या गोळ्या चालू होत्या तेव्हा ऑफिसात असंच सेशन ठेवलं होतं. त्या बाई माईकवरून म्हणाल्या, 'मॅडम, दात दिसू देत!' सगळे वळून बघायला लागले, मी वॉशरूममध्ये जाऊन रडले. आजारी माणसाला 'हसत राहा' सांगितलं की त्याला वाटतं चूक आपलीच आहे, आणि तो डॉक्टरकडे जायचंच टाळतो.

पहाटफेरी: असं कुणाला टोकणं चूकच. मी आठ वर्षं क्लब घेतोय, आम्ही कुणालाच जबरदस्ती करत नाही. डॉ. मदन कटारियांनी 13 मार्च 1995 ला मुंबईत लोखंडवालाच्या बागेत 5 जणांना घेऊन हास्यक्लबची सुरुवात केली तेव्हा जोक सांगून हसायचे, पण दोनेक आठवड्यांत चांगले जोक संपले आणि पांचट सुरू झाले, लोक वैतागले, म्हणून मग जोकशिवाय हसायचं ठरलं. म्हणजे हा व्यायाम आहे, औषध नाही. हर्निया, नुकतं झालेलं ऑपरेशन, कंट्रोलमध्ये नसलेलं बीपी असेल तर आम्हीच नको म्हणतो.

तर्कशुद्ध: पण फायदा हसण्याचा की माणसांचा? ऑक्सफर्डचे मानसशास्त्रज्ञ रॉबिन डनबार यांच्या प्रयोगांत एकत्र हसल्यावर लोकांची वेदना सहन करायची ताकद वाढलेली दिसली होती, पण ती माणसं कॉमेडी बघून खरं हसली होती. त्यावरून खोट्या हसण्याला सर्टिफिकेट कसं द्यायचं? बाबा भजनी मंडळात गेले असते तरी सुधारले असते असं मला वाटतं.

मृण्मयी_पुणे: बाबांनाच विचारलं आत्ता. म्हणाले, हसण्याचं मला कळत नाही, पण एक दिवस दांडी मारली की आठच्या आत तिघांचे फोन येतात. तर्कशुद्ध, तुमचा मुद्दा थोडा पटतोय. पण भजनाला ते गेलेच नसते हो, तिथे आईचा आवाज आठवतो त्यांना.

रानवारा: हे वाचून बरं वाटलं. तरी कुणाला खूपच जड जात असेल तर क्लबच्या भरवशावर राहू नका, सरकारची टेली मानस हेल्पलाईन आहे, 14416, फुकट आहे, मराठीतून बोलता येतं. आणि पहाटफेरी काका, तुमच्याकडे न हसता नुसतं उभं राहिलं तर चालतं का?

पहाटफेरी: चालतं की. या उद्या, मागच्या रांगेत उभ्या राहा, कुणी काही विचारणार नाही.