मॅग्निट्यूडला तीव्रता म्हटलं, तर इन्टेन्सिटीला काय म्हणायचं?

तापीकाठ
गावच्या आपत्ती समितीसाठी भूकंपाची पुस्तिका मराठीत करतोय. एकाच वाक्यात मॅग्निट्यूड आणि इन्टेन्सिटी दोन्ही आलेत. पेपरवाले दोहोंना 'तीव्रता' म्हणून मोकळे होतात. मी मॅग्निट्यूडला 'परिमाण' केलं, तर मुद्रितं तपासणारे सर म्हणतात, परिमाण म्हणजे वजनमाप, खोडा ते. आता?

शब्दवेडा
सरांचं बरोबर आहे. 'महत्ता' लिहा.

भुसावळकर
'सहा महत्तेचा भूकंप' म्हटलं तर आमची मावशी विचारेल, कुणाच्या सत्काराला आला होता?

खडकफोड्या
शब्द नंतर ठरवा, आधी भेद बघा. मॅग्निट्यूड भूकंपाचं, म्हणजे तो मुळात केवढा; इन्टेन्सिटी गावाची, म्हणजे तिथे किती हादरलं. पहिला आकडा एका भूकंपाला एकच. दुसरा गावोगाव बदलतो: भांडी वाजली का, भिंत तडकली का, घर बसलं का, यावरून मर्काली श्रेणीत १ ते १२. आपल्या सातपुड्यातला १४ मार्च १९३८ चा भूकंप आणि किल्लारीचा ३० सप्टेंबर १९९३ चा, दोघांचा पहिला आकडा सव्वासहाच्या आसपास. पण सातपुड्यातला चाळीसेक किलोमीटर खोल. किल्लारीचा अगदी वरवर, तोही पहाटे चारच्या सुमारास, दगडमातीच्या घरांत माणसं झोपलेली. दोन्हीकडे 'तीव्रता सव्वासहा' लिहून वाचणाऱ्याला काय कळणार?

भुसावळकर
हे पटलं. पण 'सहा रिश्टर स्केलचा धक्का' ही त्याहून वरची कडी. उद्या म्हणतील, पोराला एकशे दोन थर्मामीटर ताप आहे.

खडकफोड्या
त्यात रिश्टरचं १९३५ चं माप मोठ्या भूकंपांना पुरत नाही, म्हणून १९७९ मध्ये मोमेंट मॅग्निट्यूड आलं. बातम्यांतून रिश्टरसाहेब काही हलत नाहीत. आकडा एकाने वाढला की नोंदलेल्या लाटेची उंची दहापट, ऊर्जा सुमारे ३२ पट. पुस्तिकेत हे आधी घाला, शब्द कुठलाही चालेल.

शब्दवेडा
'कुठलाही चालेल' म्हणूनच मराठीची ही दशा आहे.

धुळेकरीण
आमच्याकडची म्हातारी माणसं भूकंपसुद्धा म्हणत नाहीत. 'धरतरी हालनी', बस. किती हालनी? तर 'धाबानी माती पडनी'. घ्या तुमची इन्टेन्सिटी!

लातूरचा जावई
धाबं म्हणजे सासुरवाडीचं माळवद, मातीचं सपाट छत. किल्लारीत त्याच मातीच्या ओझ्याखाली माणसं दबली.

शब्दवेडा
धाबं आणि माळवद एकच नव्हे.

धुळेकरीण
कसं नव्हे? खाली खांडं, त्यावर काटक्या, वर माती. पावसाळ्याआधी खारी टाकून बसवायची. आमच्या वाड्यात अजून टाकतात.

भुसावळकर
हायवेवरचा ढाबा यावरूनच आला असणार. छत सपाटच की.

शब्दवेडा
ध आणि ढ एक करून व्युत्पत्ती होत नसते. आणि खारी म्हणजे नुसती पांढरी माती, त्याला वेगळा शब्द कशाला?

तापीकाठ
मंडळी, 'भूकंपाचा आकार' आणि 'त्या जागेची तीव्रता' असं लिहू का?

खडकफोड्या
आकार नको, लोक गोल का चौकोनी विचारतील. सरळ मॅग्निट्यूड ठेवा.

शब्दवेडा
माझा सक्त विरोध. महत्ता.

धुळेकरीण
ते तुम्ही बघा. पण नुसती पांढरी माती धाब्यावर टाकून बघा, पहिल्याच पावसात घरात गळेल. खारी वेगळी!