कॅमेलियाच्या कळ्या उमलायच्या आधीच गळतायत, काय करू?

अंगणवेडी:
नमस्कार मंडळी. आम्ही कॅलिफोर्नियात सॅक्रामेंटोला राहतो. तीन वर्षांपूर्वी घर घेतलं तेव्हा मागच्या अंगणात कॅमेलियाचं जुनं झाड आयतंच मिळालं, माझ्या डोक्याच्या वर गेलेलं. जपोनिका जातीचं आहे असं शेजारच्या आजी म्हणाल्या. दोन वर्षं जानेवारीत गुलाबी फुलांनी नुसतं लगडलं होतं. यंदा कळ्या सुपारीएवढ्या झाल्या आणि आता रोज सकाळी खाली सडा. बोट लावलं तरी टपकन पडतात. एक सोलून पाहिली: बाहेरचे पापुद्रे तपकिरी, आत गुलाबी पाकळ्या घट्ट मिटलेल्या. कीड नाही, पानं हिरवीगार. पाणी कमी पडत असेल म्हणून पंधरा दिवस रोज बादलीभर घालतेय. या शहराला कॅमेलिया सिटी म्हणतात आणि माझ्याच दारात हे!

चहाबाज:
उकळलेली चहापूड घाला बुंध्यात. चहाचं झाडही कॅमेलियाच, सायनेन्सिस. भावंडाला भावंड पावेल. :)

पोर्टलंडचा पाऊस:
चहाबाज, दूधसाखरेचा चोथा घातला तर मुंग्या पावतील आधी.
अंगणवेडी, ती बादली आधी बंद करा. जानेवारीत तुमच्याकडे पाऊस असतो, त्यात रोजचं पाणी म्हणजे मुळं कुजायला आमंत्रण. याची मुळं उथळ असतात, ओल हवी पण चिखल अजिबात नको. आता तीन गोष्टी सांगा. गेल्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये पाणी कसं होतं? बुंध्याशी माती किंवा सालीचा (ओल टिकायला पसरतात त्या लाकडी सालीच्या तुकड्यांचा) थर किती आहे? आणि बाग करताना आसपास काही बदल केलात का?

अंगणवेडी:
बदल केलाय ना! मे महिन्यात लॉन काढलं, पाणी वाचवायला. तिथे खडी टाकली आणि लिंबाला, संत्र्याला ठिबक दिलं. कॅमेलियाला वेगळं पाणी कधीच नव्हतं, म्हणून ते डोक्यातच आलं नाही.

पोर्टलंडचा पाऊस:
सापडलं. ते झाड इतकी वर्षं लॉनच्या स्प्रिंकलरवर जगत होतं. जपोनिकाच्या कळ्या उन्हाळ्यात धरतात आणि थंडीपर्यंत हळूहळू फुगतात. तुमच्याकडे जून ते सप्टेंबर पावसाचा थेंब नसतो म्हटलं तरी चालेल, वर चाळीस अंशांचं ऊन. तेव्हा जी तहान लागली त्याचा हिशेब झाड आता चुकतं करतंय. पानांवर काही दिसत नाही, कारण पान जाड आणि चिवट. या वर्षीच्या कळ्या गेल्या समजा. उन्हाळ्यात ठिबकची नळी बुंध्याला न टेकवता फांद्यांच्या घेराखाली गोल फिरवा आणि आठवड्यातून एकदोनदा सावकाश, खोल पाणी द्या. मधल्या दिवसांत बोट खुपसून बघा, दोन इंचांवर कोरडं लागलं तर द्या.
थोड्या कळ्या दरवर्षी गळतातच. एका टोकाला चारपाच धरल्या तर झाड स्वतःच काही टाकतं.

अंगणवेडी:
आत्ता खुरपं घेऊन बघून आले. बुंध्याशी सालीचा थर चांगला वीतभर! खडीवाल्यांनी उरलेली साल तिथेच लोटलेली दिसते. उकरलं तर आत बुंध्याची साल ओली, काळपट, आणि बारीक पांढरी मुळं वर थरात घुसलेली.

पोर्टलंडचा पाऊस:
बुंध्यापासून हातभर बाजूला सारा, पण सावकाश. ती मुळं ओढून तोडू नका. थर दोनतीन इंच पुरे आणि खोड उघडं दिसलं पाहिजे. कॅमेलिया खोल गाडलेली सोसत नाही, लावतानासुद्धा मुळांचा गोळा जमिनीच्या जरासा वर ठेवतात.

जॉर्जियाकर:
एक सांगून ठेवतो. पुढे फुलं आली आणि उमललेल्या पाकळ्यांवर तपकिरी डाग शिरांवरून पसरू लागले तर ती बुरशी समजा. फूल देठापासून सोडवून खाली बघा, राखाडी-पांढरं वर्तुळ असेल तर नक्कीच. आमच्याकडे दोन वर्षं सतावलं. औषधापेक्षा पडलेलं प्रत्येक फूल उचलून कचऱ्यात टाकणं कामी आलं. कंपोस्टमध्ये मात्र अजिबात नाही, बुरशीच्या गाठी मातीत राहून पुढल्या वसंतात पुन्हा उगवतात.

पुण्याची मिनी:
फोटो बघून जीव गेला. पुण्यात लावता येईल का हो?

जॉर्जियाकर:
ताई, मी मूळचा तिथलाच, म्हणून स्पष्ट सांगतो, पैसे घालवू नका. आम्लधर्मी माती हवी, आपली काळी माती आणि बोअरचं जड पाणी दोन्ही उलट. त्यात एप्रिल-मे. दार्जिलिंगला सुरेख येतं. तुम्ही अनंत लावा, तशीच तकतकीत पानं आणि वर वास. जपोनिकाला वास जवळजवळ नसतोच.

पुण्याची मिनी:
अनंत आहे. त्याच्याही कळ्या गळतात. :(

अंगणवेडी:
शेवटचं एक. भिंतीकडच्या बाजूला यंदा एकही कळी धरली नाही. तिथे पण पाणीच का?

पोर्टलंडचा पाऊस:
त्या बाजूला कोणी छाटलं होतं का? छाटणी फुलं संपल्यावर लगेच करायची. उन्हाळा सरताना कात्री लावली तर धरलेल्या कळ्याच कापल्या जातात.

अंगणवेडी:
ऑगस्टमध्ये सासरे आले होते. खिडकीत अंधार येतो म्हणून त्यांनी हौसेने ती बाजू साफ केली होती. हे घरात सांगू की नको?