गौरीजेवणाचा स्वयंपाक आटोपशीर कसा करावा?

नमस्कार. आमच्याकडे उभ्याच्या गौरी असतात आणि दुसऱ्या दिवशी, ज्येष्ठा नक्षत्रावर, पूजनानंतर पुरणपोळीचा महानैवेद्य असतो. सोळा भाज्या, पाच कोशिंबिरी, पंचामृत, कटाची आमटी, अळूचे फदफदे, पाटवड्या, भजी, खीर, वरण-भात असा सगळा बेत असून सवाष्ण आणि घरची मंडळी मिळून पंचवीस पाने होतात. सासूबाईंना गुडघ्यांमुळे ओट्यापाशी फार वेळ उभे राहवत नाही, मी आणि जाऊबाई दोघीही नोकरी करतो. पोळ्या तव्यावरून थेट पानात वाढण्याची पद्धत असल्यामुळे करणाऱ्यांची पंगत दुपारी चारनंतर बसते आणि तोवर भूकच मेलेली असते. यंदा सर्वांनी एकाच पंगतीला बसावे अशी माझी मनापासून इच्छा आहे. मात्र गौरींच्या पानात काही उणे राहू नये.

त्यासाठी नैवेद्याचे पान रीतीप्रमाणे पूर्ण वाढावे आणि पंगतीसाठी मोजकेच पदार्थ भरपूर करावेत, असे आम्ही ठरवले असून सासूबाईंनाही ते मान्य आहे. सोळा भाज्या एकत्रच शिजवू. आवाहनाच्या दिवशी भाजी-भाकरीचा साधा नैवेद्य असल्याने ती संध्याकाळ बरीच मोकळी मिळते. तेव्हा गवार मोडून, दोडका आणि लाल भोपळा चिरून ठेवता येईल. वांगी, बटाटे मात्र काळे पडतात म्हणून सकाळीच घेऊ. पंचामृत आधी केले तरी टिकते. कोशिंबिरींना पाणी सुटू नये म्हणून मीठ आणि दही अगदी वाढताना घालू.

खरी अडचण पुरणाची आहे. नैवेद्यापुरते पाव किलो डाळीचे पुरण सकाळी सोवळ्यात होईल. पंगतीसाठीची डाळ आदल्या संध्याकाळी शिजवून, कट निथळून, बरोबरीने गूळ घालून उलथणे उभे राहीपर्यंत आटवायची आणि गरम असतानाच पुरणयंत्रातून काढायची, असा विचार आहे. भाद्रपदातल्या दमट हवेत पुरण बाहेर ठेवले तर आंबण्याची भीती वाटते, म्हणून ते फ्रिजमध्ये ठेवावे लागेल. परंतु फ्रिजमधले पुरण घट्ट होते आणि लाटताना पोळी फाटते. ते नुसते बाहेर काढून मळून घेतले तर पुरे, की दुधाचा हात लावून पुन्हा कढईत परतावे? कटाची आमटी मुरलेली चांगली लागते, त्यामुळे तिची काळजी नाही.

दुसरा प्रश्न पोळ्यांचाच. सकाळी लवकर सर्व पोळ्या भाजून, कापडात गुंडाळून डब्यात ठेवल्या आणि वाढण्यापूर्वी तुपावर गरम केल्या, तर त्या मऊ राहतात का? दोन तवे लावूनही इतक्या पोळ्यांना वेळ लागतोच. त्यापेक्षा पंगतीला पुरणाचे दिंड करावेत, असे जाऊबाईंचे मत आहे. नागपंचमीला आम्ही ते करतोच. मोदकपात्रात एका वेळी बरेच उकडतात आणि त्यासाठी कोणाला तव्यापाशी अडकून पडावे लागत नाही. शिवाय पुरण तेच राहते. मला हा मार्ग पटतो, पण गौरीजेवणात पोळीऐवजी दिंड वाढल्याचे मी कोठे पाहिलेले नाही. कोणाकडे तशी पद्धत आहे का? आणि पंचवीस जणांसाठी किती डाळ भिजवावी, हेही अनुभवी मंडळींनी कृपया सांगावे.