सल्ला हवा: ओम्नीचा मागचा एक्सल अरुंद करायचाय, शाफ्ट कापून नवे दाते पाडून मिळतील का?

द्राक्षमळा

नमस्कार मंडळी. तासगाव भागात आमची द्राक्षबाग आहे. ओळी नऊ फुटांवर आहेत, पण दोन्हीकडचे बोद आणि वरून वाय मांडवाचे हात धरले तर मधे चालायला जेमतेम साडेचार-पाच फूट उरतात. भंगारातून एक ओम्नी घेतलीय, इंजिन आणि गिअरबॉक्स ठणठणीत आहेत. त्यावर साधी चेसिस करून २०० लिटरची टाकी आणि फवारणीचा पंप बसवायचा, माल निघाला की त्याच गाडीवर क्रेट वाहायचे, असा विचार आहे.

अडलंय मागच्या एक्सलवर. दोन चाकांच्या मध्यापासून मध्यापर्यंत १२०० मिमी. त्यात १४५ चं टायर धरलं की बाहेर-बाहेर १३४५. मला ते १०४५ वर आणायचंय, म्हणजे दोन्ही बाजूंनी १५० मिमी, सहा इंच कमी. हाऊसिंग (शाफ्टभोवतीची एक्सलची नळी) कापून जोडणारा चांगला वेल्डर गावात आहे. शाफ्टचं काय करू? एक जण म्हणतो मधे कापून आतून पिन घाल आणि वेल्ड मार. दुसरा म्हणतो आतलं टोक काप आणि नवीन स्प्लाइन, म्हणजे गिअरमध्ये अडकणारे दाते, पाडून आण. हे काम कोण करतं, त्याला काय सांगायचं, कृपया कळवा.

चाक_चिखल

वेल्डचा विचार आजच सोडून द्या. असा जोडलेला शाफ्ट तुटलेला मी हातात घेऊन पाहिलाय. वेल्डची भरणी शाबूत होती, तुटला तो भरणीच्या काठाला लागून, सुरीने कापल्यासारखा सरळ आडवा. तोंड राखाडी आणि दाणेदार, पीळ पडल्याची खूण कुठेच नाही. एक्सल शाफ्टच्या पोलादात कार्बन बऱ्यापैकी असतो. वेल्डची धग बसून ते पटकन गार झालं की काठाला ठिसूळ कडं तयार होतं. पिन आत घातली तरी ते कडं तिथेच राहतं. भरलेली गाडी कालव्याच्या चढाला होती, ब्रेक लागले म्हणून निभावलं.

हॉबवाला

कोल्हापुरात गिअर कटिंगचं काम करतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

टोक कापून नवे दाते पाडता येतात, पण प्रत्येक शाफ्टला नाही. शाफ्ट बाहेर काढा आणि आत्ताचे दाते जिथे संपतात तिथून १५० मिमी बाहेरच्या बाजूला व्हर्निअर लावा. तिथला व्यास दात्यांच्या माथ्यावरच्या व्यासाइतका किंवा जास्त असेल तरच पुढचं बोलायचं. बहुतेक कंपन्या शाफ्ट मधे मुद्दाम बारीक ठेवतात. दात्यांच्या बुडाचा व्यास आणि अंगाचा व्यास जवळपास सारखा ठेवला की पीळ सगळ्या लांबीवर वाटला जातो, एका जागी साचत नाही. कंपनीच्या दृष्टीने ते उत्तम आहे, पण तुमच्या कामात तिथेच अडतं, कारण बारीक अंगावर पूर्ण उंचीचे दाते निघत नाहीत. अर्ध्या उंचीचे दाते पाडून देणारे भेटतील. घेऊ नका. साइड गिअरमध्ये (डिफरन्शियलमधला, शाफ्टचं टोक ज्यात बसतं तो गिअर) ते सैल बसतात आणि दर वेळी क्लच सोडला की ठोकत राहतात.

व्यास पुरला तर दुसरी अडचण टणकपणाची. शाफ्ट वरून इंडक्शन हार्डनिंग केलेला, म्हणजे विजेने तापवून वरचा थर कडक केलेला असतो. साधी कानस मारून बघा, घसरली तर अंग हार्ड आहे. अशा अंगावर साध्या एचएसएस (हाय स्पीड स्टील) कटरची धार जाते, कार्बाइड कटर लागतो. गॅसने लाल करून मऊ करतो म्हणणाऱ्याकडून शाफ्ट परत आणा. त्याने दाते पडतील, पण शाफ्टची ताकद ज्या कडक थरात आहे तोच थर गेलेला असेल.

कापायला येताना शाफ्टबरोबर साइड गिअर आणलाच पाहिजे. दात्यांची संख्या मोजली म्हणजे काम झालं असं नाही. संख्या सारखी असूनही दाब-कोन (दात्याच्या बाजूचा तिरकेपणा) ३० अंशांचा की ४५ चा, यावर गिअर बसेल की अडेल ते ठरतं. आम्ही जुन्या दात्यांचं दोन पिनांवरचं माप घेतो, त्यावरून कटर ठरवतो आणि शेवटचे एक-दोन कट गिअर घालून बघत घेतो. गिअर हाताने सरकला पाहिजे, पण हलवल्यावर खुळखुळ वाजता कामा नये.

आणि क्रम चुकवू नका: आधी हाऊसिंग पूर्ण करा, शाफ्ट त्यानंतर. वेल्डनंतर हाऊसिंग दोन-तीन मिमी इकडेतिकडे होतंच, म्हणून शाफ्टची लांबी कागदावरून न घेता तयार हाऊसिंगवरून घ्यायची.

द्राक्षमळा

मनापासून आभार. आज शाफ्ट काढले. १५० मिमीवर व्हर्निअर लावला तर दात्यांच्या माथ्यापेक्षा सुमारे दीड मिमी कमी भरतोय. अंग काळंच आहे, लेथ लागलेला दिसत नाही. कानस घसरतेय. म्हणजे हा रस्ता बंद समजायचा का?

मिशिगनकर

इकडच्या, अमेरिकेतल्या मंडळींची एक युक्ती सांगतो, तिच्यात दाते पाडायची गरजच पडत नाही. १९९५ ते २००१ च्या फोर्ड एक्सप्लोररचा ८.८ इंची मागचा एक्सल जीपवाले फार वापरतात. ३१ दात्यांचे शाफ्ट, वर डिस्क ब्रेक. त्याचा पिनियन (प्रोपेलर शाफ्टकडून फिरणारा छोटा गिअर) मध्यावर नसतो, त्यामुळे एक शाफ्ट लांब आणि एक आखूड असतो. लोक लांब बाजूची नळी कापतात आणि भंगारातून दुसऱ्या एक्सलचा आखूड शाफ्ट आणून दोन्हीकडे आखूडच घालतात. शाफ्टला ग्राइंडरसुद्धा लागत नाही.

तुम्हाला दोन्हीकडे १५० मिमी हवेत, तेव्हा हे जसंच्या तसं चालणार नाही. पण जुन्या बाजारात आखूड शाफ्ट शोधा, दाते तुमच्या साइड गिअरला जुळतात का बघा. जाताना साइड गिअर खिशात ठेवा. ई-रिक्षाचा तयार एक्सलही बघून ठेवा, तो मुळातच अरुंद असतो. मात्र २०० लिटर पाणी, पंप आणि चालक यांचं वजन धरून तो पेलेल का, हे आधी तपासा.

आणखी एक. त्या फोर्डमध्ये शाफ्ट आतल्या टोकाला सी-क्लिपने (सी आकाराच्या कडीने) अडकवलेला असतो. शाफ्ट तुटला की चाकच बाहेर निघून जातं. ओम्नीसारख्या रचनेत बाहेरच्या बेअरिंगची पट्टी शाफ्टला धरून ठेवते, हा तुमच्या एक्सलचा मोठा गुण आहे. कापाकापीत ते टोक आहे तसंच ठेवा.

हॉबवाला

दीड मिमी कमी म्हणजे जुना शाफ्ट सोडायचा. नवीन करून घ्या, ईएन २४ या मिश्र पोलादात. अख्खा शाफ्ट फ्लँजच्या मापाच्या जाड बारमधून कोरत बसू नका, निम्म्याहून जास्त पोलाद बुरादा होऊन जाईल. छोट्या फोर्जिंगवाल्याकडून बारचं एक टोक फुगवून घ्या. मग रफ टर्निंग, त्यानंतर हार्डनिंग-टेंपरिंग, मग फायनल माप आणि दाते. टी कंडिशनमधला (असं हार्डनिंग-टेंपरिंग झालेला) ईएन २४ टणकपणाच्या मापात साधारण २५० ते ३०० ब्रिनेलला येतो आणि त्या टणकपणाला हॉबवर (दाते पाडायच्या कटरवर) दाते नीट निघतात. बेअरिंगची जागा शेवटी ग्राइंड करा. उलट क्रमाने केलं तर उष्णतेत शाफ्ट वाकडा होऊन येतो आणि दाते पाडलेले असल्यामुळे सरळ करायला जीव राहत नाही.

फ्लँजच्या मुळाशी कोपरा धारदार नको, चांगली गोलाई मागा. दाते अंगात संपतात तिथेही कट हळूहळू वर आला पाहिजे. तिथे खाच मारून ‘साफ’ करून देतात, ती मारू देऊ नका. तडा तिथूनच सुरू होतो.

कोल्हापूरच्या उद्यमनगर किंवा शिरोलीत चौकशी केलीत तर फोर्जिंग, हीट ट्रीटमेंट आणि गिअर कटिंग ही तिन्ही कामं एका दिवसाच्या फेरीत ठरवता येतात. एकाच माणसाच्या गळ्यात सगळं टाकू नका. हीट ट्रीटमेंटवाल्याकडून टणकपणाचा आकडा लिहून घ्या.

चाक_चिखल

द्राक्षमळा दादा, दोन प्रश्न. फवारणीचा वेग मिळावा म्हणून मागे दुसरा गिअरबॉक्स जोडणार आहात का? आणि टायर १२ इंचीच ठेवणार का?

विचारतो कारण शाफ्टवर किती पीळ येईल ते शेवटी टायर ठरवतं. भरलेल्या गाडीचं एका मागच्या चाकावर ३०० किलो वजन धरा, कोरड्या जमिनीला पकड ०.७. म्हणजे टायर घसरण्याआधी साधारण २०६० न्यूटन ढकलतो. १४५ च्या टायरची त्रिज्या जवळपास २६ सेंमी, म्हणून शाफ्टवर ५३५ न्यूटन-मीटरच्या आसपास पीळ. दुसरा गिअरबॉक्स लावला तरी याच्यावर जात नाही, कारण टायर आधी घसरतो. पण ५२ सेंमी त्रिज्येचं खाचांचं ट्रॅक्टर टायर घातलंत तर त्याच वजनाला पीळ दुप्पट होतो, आणि खाचा मातीत रुतल्या की पकड आणखी वाढते. ओम्नीचं इंजिन ६० न्यूटन-मीटरच्या आसपास देतं म्हणून शाफ्टला काही होणार नाही, हा हिशोब दोन गिअरबॉक्स लागले की चालत नाही.

तरीही मोठं टायर हवंच असेल तर व्यास वाढवा. पिळाची ताकद व्यासाच्या घनाप्रमाणे वाढते: व्यास १० टक्के जास्त केला की ताकद ३३ टक्के वाढते. पण मग साइड गिअरसुद्धा बदलावा लागतो, म्हणून माझं मत टायर छोटंच ठेवा.

बांधावरून

शाफ्टवर सगळे बोलले, मी उलटण्यावर बोलतो. चाकांचं अंतर ९०० मिमी झालं की मध्यापासून टायरपर्यंत ४५० उरतात. गाडीचा भार जमिनीपासून १ मीटरवर असेल तर ती कागदावर २४ अंशांच्या आडव्या उतारावर उलटते, भार ७० सेंमीवर आणला तर ३२ अंशांच्या पुढे. टाकीतलं पाणी उताराकडे धावतं आणि एक चाक बोदावर चढतं, तेव्हा प्रत्यक्षात हे आकडे बरेच खाली येतात. टाकी उभी न ठेवता आडवी आणि चेसिसच्या आत बसवा, आत आडव्या पट्ट्या लावा. चालकाच्या मागे मजबूत पाइपची कमान हवीच, मांडवाच्या उंचीत बसेल अशी.

दुसरं, ही गाडी बागेतच राहू द्या. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे कंपनीच्या मूळ रचनेपेक्षा वेगळी केलेली गाडी रस्त्यावर चालत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये ते पुन्हा स्पष्ट केलंय. दोन मळ्यांच्या मधे डांबरी रस्ता असेल तर ती ट्रॉलीवर चढवून न्या.

द्राक्षमळा

सगळ्यांचे आभार. टायर १२ इंचीच, टाकी आडवी, शाफ्ट नवीन ईएन २४ चे, असं ठरवतोय. दुसरा गिअरबॉक्स लावणार आहे. आता आधी हाऊसिंग. वेल्डरला काय सांगू?

हॉबवाला

त्याला सांगायच्या आधी एक सरळ ग्राइंड केलेला जाड बार मिळवा. त्यावर चार चकत्या टर्न करून घ्या: दोन डिफरन्शियलच्या बेअरिंगच्या जागी बसणाऱ्या, दोन बाहेरच्या टोकांना. हाऊसिंग कापलं की बार आरपार घालून टोकं त्यावरच जोडायची. आधी समोरासमोर चार टॅक (वेल्डचे छोटे टिपके), प्रत्येक टॅकनंतर बार हाताने फिरवून बघायचा. मग इंचभर इकडे, इंचभर तिकडे, मधे गार होऊ द्यायचं. एका दमात गोल भरणी मारली की नळी त्या बाजूला ओढली जाते. पूर्ण गार झाल्यावरही बार दोन बोटांनी फिरला पाहिजे. फिरत नसेल तर बेअरिंग आणि ऑइल सील काही महिन्यांत जातील, शाफ्ट कितीही चांगला असला तरी.

कापण्याआधी स्प्रिंगच्या बैठकी कुठे येणार आणि ब्रेकची प्लेट कुठल्या कोनात आहे, याच्या सेंटर पंचने खुणा करा. खडूच्या खुणा ग्राइंडिंगमध्ये पुसल्या जातात. पिनियनचं तोंड आणि स्प्रिंगची बैठक यांतला कोन मूळ गाडीसारखाच हवा, नाहीतर प्रोपेलर शाफ्ट धडधडतो.

लांबी घेताना डिफरन्शियल आत बसवा, साइड गिअरपासून बाहेरच्या बेअरिंगच्या बैठकीपर्यंत दोन्ही बाजू वेगवेगळ्या मोजा. आतलं टोक डिफरन्शियलच्या मधल्या पिनला टेकू नये म्हणून सूतभर फट ठेवा, आणि गिअरची पूर्ण लांबी दात्यांवर बसते ना तेवढं बघा. डावा-उजवा शाफ्ट वेगळ्या लांबीचा निघाला तर पंचने खूण करून ठेवा. माप तयार झालं की इथेच टाका, बारची लांबी आणि फोर्जिंगला किती जास्त ठेवायचं ते काढून देतो.