बॅटरी उतरते ती इनपुट जॅकमुळे

गिटारची केबल काढून ठेवली तरी पेडलची (गिटारचा आवाज बदलणाऱ्या, पायाने दाबायच्या डब्याची) ९ व्होल्टची बॅटरी दोन दिवसांत उतरते, असं तुम्ही लिहिलंय. बहुतेक इनपुटला, म्हणजे गिटारची केबल खुपसायच्या जागी, मोनो जॅक लागलाय. त्यात टिप (टोकाचा) आणि स्लीव्ह (ग्राउंडचा) असे दोनच संपर्क असतात. तिथे स्टिरिओ जॅक हवा, त्यात मधली रिंग हा तिसरा संपर्क असतो. बॅटरीची काळी वायर थेट ग्राउंडला (सर्किटच्या सामायिक ऋण बाजूला) न देता या जॅकच्या रिंगला जोडा. गिटारचा प्लग मोनो असतो. त्याची लांब स्लीव्ह आत गेली की रिंग आणि ग्राउंड जोडले जातात, सर्किट सुरू होतं. प्लग ओढला की बंद. वेगळा स्विच लागतच नाही! ही युक्ती मला आजही फार आवडते. आउटपुटला मात्र मोनोच ठेवा.

कुठला पाय टिपचा हे नुसतं बघून ठरवू नका, प्लग घालून मल्टिमीटरच्या बीपवर (दोन टोकं आतून जोडलेली असली की तो वाजतो) तपासा. एम. जी. रोडवरून मी आणलेल्या दोन सारख्या दिसणाऱ्या जॅकच्या पायांचा क्रम वेगळा निघाला होता, अख्खा रविवार त्यातच गेला. रिंग आणि स्लीव्ह ओळखताना प्लग बाहेर काढा. उघड्या धातूच्या जॅकमध्ये आट्यांच्या भागाशी जो पाय बीप देतो तो स्लीव्हचा.

तुम्ही नाशिकरोडकडे असाल तर पेडल घेऊन या, सोल्डरिंग आयर्न माझ्याकडे आहे.